जुनी येझदी पुन्हा चालती करताना या चुका टाळा

वर्षानुवर्षे जिन्याखाली उभी असलेली जावा किंवा येझदी मोटारसायकल दारात आली, की पहिल्याच रविवारी पाने-पक्कड घेऊन ती खोलायला बसणे, ही या छंदातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या, पुढे सत्तरच्या दशकात टाकीवर जावाच्या जागी येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. म्हणजे आज हाती येणारी सर्वांत नवी गाडीसुद्धा तीन दशकांच्या घरातली असते. बाजारात पिस्टनपासून मडगार्डपर्यंत बहुतेक भागांच्या नकला मिळतात, परंतु त्यांच्या धातूची जाडी आणि बसण्यातला नेमकेपणा मूळ भागांसारखा क्वचितच असतो. त्यामुळे गाडीवर आज जो मूळ भाग शाबूत आहे तो वाचवणे, हेच या कामातले पहिले कर्तव्य होय. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सर्व चुका या एकाच गोष्टीच्या विस्मरणातून घडतात.

पहिल्या आठवड्यात गाडीला हात लावायचा तो फक्त पाहण्यासाठी. प्रत्येक बाजूने फोटो काढावेत, वायरी कोठून कोठे जातात आणि केबल हँडलच्या पुढून जाते की मागून, हे वहीत लिहून ठेवावे. चार महिन्यांनी खोक्यात पडलेला एखादा छोटा वॉशर हातात धरून तो कुठला हे आठवत नाही, तेव्हा या वहीची किंमत कळते. इंजिन फिरते का हे पाहण्यासाठी जोराने किक मारणे तर कटाक्षाने टाळावे. बंद गाडीत पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरलेल्या असू शकतात, आणि अशा वेळी किकचा सारा जोर आतल्या दात्यांवर जाऊन ते तुटतात. प्लग काढून त्या छिद्रातून थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल एकत्र करून ओतावे, दोन-तीन दिवस मुरू द्यावे, नंतर वरचा गिअर टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढे-मागे करावे. इंजिन सुटायचे असेल तर असेच सुटते.

चकाकीचा मोह

नव्या छंदिष्टाला गाडी लवकरात लवकर चकचकीत दिसावी असे वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मूळ रंग एकदा खरवडला की तो परत येत नाही. कारखान्यातला रंग थोडा फिका झाला असला, तरी सौम्य पॉलिशने तो पुष्कळदा जिवंत होतो. टाकीच्या क्रोमवर ठिपके पडलेले असतील तर आधी अ‍ॅल्युमिनियमचा कागद पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासून पाहावा. मी स्वतः या बाबतीत घाई केली होती. काकांच्या येझदीची इंजिन कव्हरे मी एका पॉलिशवाल्याकडे दिली आणि ‘आरशासारखी करून द्या’ एवढेच सांगितले. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. कव्हरे आरशासारखी झाली, मात्र त्यांवरची उठावाची अक्षरे बफच्या चाकाखाली अर्धी झिजून गेली होती, आणि धातूवरून बोट फिरवले तर कडा कुठे संपते तेच कळत नव्हते. अक्षरांवर चाक लावू नका, भोवतालचा भाग हाताने घासा, हे मी सांगायला हवे होते.

इंजिन नंबर आणि चासी नंबर यांच्या आसपास ग्राइंडर, सँड ब्लास्टिंग किंवा पुटी यांतले काहीही जाऊ देऊ नये. नंबर पुसट झाला, तर आरटीओची तपासणी तिथेच अडते, आणि स्वतःच्या मनाने नंबर पुन्हा ठोकणे हा गुन्हा आहे. गाडी विकत घेताना आरसी बुकातले दोन्ही नंबर कंदील-बॅटरी लावून गाडीवर स्वतः वाचावेत. ‘पेपर नंतर बघू’ असे म्हणून घेतलेल्या गाड्या वर्षानुवर्षे अंगणातच राहतात. मालक हयात असेल तर मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही त्याच दिवशी घ्यावी, गाडी दुसऱ्या राज्यातली असल्यास फॉर्म २८ च्या ना हरकत प्रमाणपत्राची चौकशी पैसे देण्याआधी करावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पण गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, चासी आणि इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसले पाहिजेत, अशी त्यात अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जावा हाती असेल, तर चासी कापून तिला ‘कॅफे रेसर’ (जुन्या शर्यतीच्या गाडीसारखी) करण्याआधी हा विचार अवश्य करावा.

इंजिन उगाच पळू लागले तर

आता सर्वांत महत्त्वाच्या दोषाकडे येतो, कारण त्याचे निदान बहुतेकदा चुकते. गाडी थंड असताना नीट चालू होते, परंतु गरम झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन खाली बसत नाही, उगाच पळत राहते. मग कार्बोरेटर उघडला जातो, पेट्रोलचे माप ठरवणारा जेट बदलला जातो, स्क्रू आत-बाहेर केला जातो. तासभर बरे वाटते आणि पुन्हा तेच. दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये नसून क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलमध्ये असतो.

या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचे कवच, ही एक प्रकारची पंपाची कोठी असते. पिस्टन वर जाताना तिच्यात पेट्रोल-हवेचे मिश्रण ओढले जाते आणि खाली येताना ते दाबले जाऊन वर ढकलले जाते. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली रबरी सीले ही कोठी बंद ठेवतात. येझदीत उजवीकडे डायनॅमो आणि पॉइंट (प्लगच्या ठिणगीची वेळ ठरवणारे उघड-बंद होणारे संपर्क) असतात, डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच. उजवीकडचे सील कडक होऊन फुटले की तिथून कोरडी हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, इंजिन पळते, तापते, आणि पेट्रोलबरोबर येणारे तेलही अपुरे पडल्याने शेवटी पिस्टन सिलिंडरला धरतो. डावे सील गेले तर गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाते. अशी गाडी सतत दाट धूर काढते, प्लग वारंवार ओला होतो आणि गिअरबॉक्समधले तेल बाहेर गळती नसतानाही कमी होत जाते.

काकांच्या गाडीला मी नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवे बेअरिंग सारे घातले होते. सीले मात्र ‘दिसायला चांगली आहेत’ म्हणून जुनीच ठेवली. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ अर्धा झाला असताना आवाज कोरडा, धातूसारखा झाला आणि दुसऱ्याच क्षणी मागचे चाक जाम होऊन घसटले. क्लच दाबला म्हणून गाडी पडली नाही. घरी येऊन सिलिंडर काढला तेव्हा नव्या पिस्टनवर चार उभे ओरखडे होते आणि उजव्या सीलची कड नखाने दाबली तर तिचे तुकडे पडत होते. किरकोळ किमतीच्या एका रबरी कड्याने संपूर्ण बोअरिंगचा, म्हणजे सिलिंडर आतून कापून घेण्याचा, खर्च वाया घालवला होता.

तपासण्यासाठी चालत्या इंजिनावर पेट्रोल फवारून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नये; पॉइंटजवळच ठिणगी उडत असते. त्याऐवजी घरातल्या जुन्या ब्लडप्रेशरच्या यंत्राचा फुगा आणि तबकडी घ्यावी. कार्बोरेटर काढून त्याची नळी आणि एक्झॉस्टची तोंडे ट्यूबच्या रबराने घट्ट बंद करावीत (पुष्कळ मॉडेलांना दोन सायलेन्सर असतात, दुसरे तोंड विसरू नये), पिस्टन खाली आणून प्लगच्या छिद्रात बसवलेल्या नळीतून काटा २५० पर्यंत चढवावा. काटा मिनिटभर जवळपास तिथेच थांबला तर इंजिन हवाबंद आहे. झरझर खाली आला तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे कोठे येतात ते पाहावे. इंजिन एकदा उघडले, की दोन्ही सीले बदलायचीच, असा नियम करावा.

बोअरिंग, क्लच आणि तेल

सिलिंडर बोअर करायला देण्याआधी पिस्टन हातात असला पाहिजे. ‘अर्ध्या मिलिमीटरचा ओव्हरसाइज’ एवढे सांगून सिलिंडर आधी कापून घेतला आणि पिस्टन नंतर आणला, तर दोघांमधली फट नशिबावर राहते. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणी अनुभवी लेथवाले आहेत, ते पिस्टन स्वतः मोजल्याशिवाय चाक सुरू करत नाहीत. असाच माणूस शोधावा. बोअरिंगनंतर पोर्टांच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या छिद्रांच्या, कडा धारदार राहतात. त्या बारीक कानशीने किंचित मोडून घेतल्या नाहीत, तर रिंग त्यांत अडकून तुटते. नवी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये सरकवून तिच्या टोकांतली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) पाहावी. येझदीच्या ६५ मिलिमीटर बोअरला ती ०.२ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी.

क्लचच्या प्लेटांवर कॉर्क असतो, आणि तो कोरडा बसवणे ही नेहमीची चूक. नव्या प्लेटा रात्रभर तेलात भिजवून मगच बसवाव्यात. या गाड्यांत गिअरचा दांडा हलवताच क्लच आतून थोडा सुटतो, म्हणून केबलचे आणि त्या आतल्या यंत्रणेचे असे दोन्ही समायोजन जुळले पाहिजे. केबल फार ताणून ठेवली तर क्लच पूर्ण धरत नाही, कॉर्क जळतो आणि चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे जात नाही. चारचाकीसाठीचे, घर्षण कमी करणारे पदार्थ मिसळलेले तेल इथे वापरू नये.

पेट्रोलमधल्या तेलाचे जुने प्रमाण साधारण १:२५, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर. सुरक्षिततेसाठी म्हणून त्याहून बरेच जास्त तेल ओतणारे पुष्कळ आहेत. जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढले की पेट्रोल तेवढे कमी होते, इंजिन उलट जास्त तापते आणि सायलेन्सर कार्बनने भरतो. घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून गिअरमध्ये दीर्घकाळ गाडी सोडणेही घातक आहे, कारण पेट्रोल थांबले की तेलही थांबते. मधूनमधून थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते, जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि टाकीच्या तळाशी गंज धरवते. त्यामुळे नळ्या नव्या प्रकारच्या घालाव्यात आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. गळक्या टाकीला घरच्या घरी वेल्डिंग करण्याचा विचार मनातही आणू नये. पेट्रोल संपले तरी वाफ आत राहते आणि तिचा स्फोट होतो.

सारे नवे, तरी दिवा लागेना

पावडर कोटिंग करून आणलेल्या गाड्यांचा हा हमखास दोष आहे. रंगाचा थर वीज वाहू देत नाही, त्यामुळे चासीमार्फत परतणारा प्रवाह खंडित होतो. वायरिंग बदलण्याआधी इंजिन, कॉइल आणि हेडलाइट यांच्या अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग नाण्याएवढ्या जागेवर खरवडून पाहावा. गाडी थंड असताना पटकन चालू होते आणि गरम झाल्यावर बंद पडून दहा मिनिटे किक मारूनही उठत नाही, तर पॉइंट उघडून पाहावेत. ते काळे-निळे जळलेले आणि एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला खड्डा असे झालेले असतील, तर पॉइंटांना जळण्यापासून वाचवणारा कन्डेन्सर गेला आहे. नुसते पॉइंट घासून फट ०.४ मिलिमीटरला आणली, तरी आठवड्यात ते पुन्हा जळतील. सहा व्होल्टच्या गाडीत बारा व्होल्टचा बल्ब लावून डायनॅमोला दोष देणारेही भेटतात. बल्बवरचा आकडा आधी वाचावा.

ब्रेक ड्रम उघडताना जुन्या लायनिंगची धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने उडवू नये. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि ते फुप्फुसात गेले की राहतेच. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर गाडी ठेवायची असल्यास पावसाळ्याआधी प्लगच्या छिद्रातून चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल घालून इंजिन दोन-तीनदा हाताने फिरवावे, सायलेन्सरच्या टोकांत तेलकट चिंधी कोंबावी आणि गाडीवर प्लॅस्टिकचा कागद न घालता सुती चादर घालावी, कारण प्लॅस्टिकखाली साचलेला ओलावा एका श्रावणात क्रोम खाऊन टाकतो. दसऱ्याला गाडी बाहेर काढताना आधी चिंध्या काढाव्यात, प्लग काढून पुन्हा इंजिन हाताने फिरवावे, आणि मगच पहिली किक मारावी.