खाली बसवलेल्या गाडीला नवी चाकं: ऑर्डर देण्याआधीची तयारी

पहिलं काम चाकांचं नाहीच, गाडीच्या उंचीचं आहे. गाडी खाली आणायला स्प्रिंग कालच बदलल्या असतील तर मोजपट्टी बाजूला ठेवा. नव्या स्प्रिंग चालवून चालवून आणखी थोड्या बसतात, तेव्हा काहीशे किलोमीटर गाडी पळू द्या. उंची खालीवर करता येणारे कॉइलओव्हर टाकले असतील तर उंची एकदाची ठरवा आणि उंची पक्की करणारी कॉलर आवळून मोकळे व्हा. ‘चाकं येऊ देत, मग बघू, लागली तर थोडी वर घेऊ’ म्हणणारा सहसा गाडी वर घेत नाही, मडगार्ड कापतो.

उंची ठरली की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन तपासून जुळवणं. नवी चाकं लागल्यावर ते पुन्हा करावं लागेलच, पण आधीही हवं. गाडी खाली आली की बहुतेक वेळा चाकाचा माथा आत झुकतो, म्हणजे कॅम्बर निगेटिव्ह होतो, आणि त्याबरोबर टो, म्हणजे वरून पाहता चाकं पुढच्या बाजूला आत वळलीत की बाहेर, तोही बदलतो. साधारण ६०० मिमी व्यासाच्या टायरमध्ये एक अंश कॅम्बर म्हणजे टायरचा माथा हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) मानाने ५ मिमी आत. दोन अंश असेल तर १० मिमी. ज्या जागेसाठी पुढे एकेका मिलिमीटरची घासाघीस करायची आहे, तिथे हा १० मिमीचा हिशेब आधीच हातात असलेला बरा. अलाइनमेंटचा छापील कागद जपून ठेवा.

आता जुनं चाक वाचायला बसा. अलॉय असेल तर आतल्या बाजूला किंवा आऱ्याच्या मागे आकडे कोरलेले असतात. ६जे x १५ म्हणजे रुंदी ६ इंच, व्यास १५ इंच. ईटी४५ म्हणजे ऑफसेट ४५ मिमी: चाकाची हबला टेकणारी बाजू चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून ४५ मिमी बाहेरच्या अंगाला. ही रुंदी टायर जिथे बसतो तिथली, आतली असते. रिमच्या काठांसकट मोजलीत तर जवळजवळ इंचभर जास्त भरेल. पट्टी लावून ‘माझं चाक सात इंची आहे’ म्हणणारे इथेच फसतात.

चाक काढलंच आहे तर पीसीडी (नट ज्यांवर चढतात त्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास), मधल्या भोकाचा व्यास आणि नटांचा प्रकारही लिहून घ्या. चार नटांचं असेल तर समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर हाच पीसीडी. पाच नटांना समोरासमोर काही नसतं, तिथे डोळा दगा देतो. ५x११२ (पाच नट, पीसीडी ११२ मिमी) मध्ये शेजारच्या दोन स्टडमधलं अंतर ६५.८ मिमी येतं आणि ५x११४.३ मध्ये ६७.२ मिमी, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरचाही फरक नाही. तेव्हा पट्टीवर विसंबू नका, गाडीच्या माहितीपत्रकातूनच आकडा घ्या. ‘थोडं आवळलं की बसतं’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकून सोडून द्या. जबरदस्तीने बसवलेलं चाक तिरकं बसतं आणि स्टडवर कायमचा ताण राहतो.

बाजारातल्या चाकांचं मधलं भोक बरेचदा मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, ७३.१ मिमी हा नेहमी दिसणारा आकडा. तुमचा हब त्याहून लहान असेल तर मधे बसणाऱ्या कड्या लागतील. चाक बसवताना ते बरोबर मध्यावर आणणं हे कड्यांचं काम. त्या नसल्या तर बॅलन्सिंग केलेली गाडीसुद्धा वेगात थरथरू शकते. नटांचं टोक कोनासारखं निमुळतं आहे की गोळ्यासारखं गोल, तेही बघा. गोल टोकाचा नट कोनाच्या बैठकीत घातला तर तो नुसत्या कडेवर टेकतो आणि सैल होत जातो. नटांचे आटे बहुधा एम१२ x १.५, एम१२ x १.२५ किंवा एम१४ x १.५ असतात. हाताने सहज सात-आठ फेरे गेले पाहिजेत. दुसऱ्या फेऱ्याला अडकला तर पाना लावायचा नाही.

इथून खरं मोजमाप. सामान साधं आहे: स्टीलची पट्टी, एक सरळ फळी, जॅक आणि त्याबरोबर घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), मुलांची खेळायची रंगीत माती, आणि ओळंबा. ओळंबा नसेल तर दोऱ्याला जड नट बांधा. गाडी सपाट फरशीवर उभी करा, स्टेअरिंग सरळ, नेहमीइतकं पेट्रोल भरलेलं. मडगार्डच्या ओठावरून, बरोबर हबच्या वर, दोरा सोडा आणि दोऱ्यापासून रिमच्या बाहेरच्या काठापर्यंतचं आडवं अंतर घ्या. चारही चाकांना. माझं घोडं इथेच अडलं होतं. मी मागचं उजवं चाक मोजलं, डावंही तसंच असणार असं धरून चाललो. नवी चाकं लागली, दिसायला झकास. पहिल्याच रविवारी मागे तिघं बसले, गतिरोधकावरून उतरताना डावीकडून ‘खर्रर्र’ आलं आणि पाठोपाठ जळक्या रबराचा वास. उतरून बोट फिरवलं तर मडगार्डच्या आतल्या काठावर काळी भुकटी आणि टायरच्या खांद्यावर नखाने ओढल्यासारखी गोल चीर. ओळंबा लावला तेव्हा कळलं, डावी बाजू उजवीपेक्षा ६ मिमी अरुंद होती. बॉडी कारखान्यातून काटेकोर सारखी येते हा माझा गैरसमज होता.

आतल्या बाजूला, म्हणजे टायर आणि शॉकअब्सॉर्बरच्या मधे, किती फट आहे तेही मोजा. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात) असेल तर ही फट खड्ड्यात फारशी बदलत नाही, कारण स्ट्रट चाकाबरोबरच वरखाली होतो आणि स्टेअरिंगबरोबर वळतो. त्यामुळे आत ५ मिमी मोकळे उरले तरी चालून जातं. बाहेरची फट मात्र दर खड्ड्याला आणि दर वळणाला बदलते, तिला सढळ हाताने जागा द्यायची. एक गोष्ट कॉइलओव्हरवाल्यांसाठी: गाडी खाली घेतली की स्प्रिंगची खालची बैठकही खाली सरकते आणि कधी कधी टायरच्या माथ्याच्या पातळीखाली येते. मग टायर शॉकच्या नळीला नाही, त्या बैठकीला घासतो. मोजायचं ते तिथपर्यंत.

आकडे हातात आले की गणित. चाकाची जास्तीची रुंदी दोन्हीकडे निम्मी निम्मी वाटली जाते, आणि ऑफसेटचा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर. हे वाक्य वहीत वर लिहून ठेवा, कारण उलटं धरून चाकं मागवणारे कमी नाहीत. समजा जुनं ६ x १५ ईटी४५ आहे आणि मनात ७.५ x १७ ईटी३८ आहे. रुंदी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी वाढली, दोन्हीकडे १९. ऑफसेट ७ ने कमी झाला, म्हणून बाहेर १९ अधिक ७ असे २६ मिमी, आत १९ उणे ७ असे १२ मिमी. आता ओळंब्याने मोजलेल्या अंतरातून २६ वजा करा. उत्तर उणे आलं तर चाक मडगार्डच्या बाहेर डोकावणार, आणि गाडी खाली असल्यामुळे ते लपवायला वर जागा नाही. तेच ७ x १६ ईटी४२ घेतलं तर बाहेर साधारण १६ आणि आत १० मिमी. आकडा कमी रुबाबदार आहे, पण गाडी रोज वापरायची असेल तर मी हाच घेईन.

टायरचं गणितही याला जोडूनच. १९५/५५ आर१५ चा व्यास ५९५.५ मिमी: १९५ च्या ५५ टक्के, म्हणजे १०७ मिमी साइडवॉल, दोनदा, अधिक ३८१ मिमीची रिम. २०५/४० आर१७ चा व्यास ५९५.८ येतो, कागदावर अगदी जुळतं. पण बाजूचा भारांक वाचा. १९५/५५ आर१५ वर ८५ असतो, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. २०५/४० आर१७ चा ८४ म्हणजे ५०० किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर लावायचाच नाही, व्यास कितीही जुळो. २१५/४० आर१७ चा जास्त भाराचा प्रकार ८७ चा, म्हणजे ५४५ किलोचा मिळतो, पण त्याचा व्यास ६०४ मिमी. टायर माथ्याशी ४ मिमी वर गेला. खाली बसवलेल्या गाडीत हे ४ मिमी फुकटचे नसतात. वर गाडीचा खरा वेग काट्यापेक्षा दीडेक टक्क्याने जास्त. १६ मध्ये २०५/४५ आर१६ चा व्यास ५९१ मिमी आणि त्याचाही ८७ चा प्रकार येतो: भार पुरतो आणि माथ्याशी दोन मिमी उलट मोकळे होतात. जास्त भाराच्या टायरला पूर्ण वजन पेलायला हवाही जास्त लागते, जुन्याच दाबावर चालवू नका.

त्यात एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर एकसारखे नसतात. एकाचा खांदा चौकोनी, दुसऱ्याचा गोलसर, आणि मडगार्डला आधी लागतो तो खांदाच. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायची हौस असेल तर निदान टायर कंपनीने दिलेल्या रिमच्या रुंदीच्या मर्यादेत राहा. २१५/४० आर१७ ला ती ७ ते ८.५ इंच आहे.

ब्रेककडे वळा. मोठं चाक म्हणजे कॅलिपरला (ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाला) जागा आपोआप मिळणार असं नाही. व्यासात जागा असते आणि आऱ्याची पाठ कॅलिपरच्या तोंडाला लागते. जुन्या चाकाशिवाय हब उघडा असताना पुठ्ठा कापून कॅलिपरचा आकार उतरवून घ्या आणि तो पुठ्ठा नव्या चाकात आतून फिरवून बघा. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं आतल्या भिंतीवर येतात, त्यांचीही जाडी धरा.

शेवटची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी सस्पेन्शन पूर्ण दबल्यावरची. उभ्या गाडीत सगळंच बसतं. घासतं ते चाक पूर्ण वर दबलेलं आणि स्टेअरिंग टोकाला वळलेलं असताना. एखाद्या वर्कशॉपमध्ये स्प्रिंग काढून घ्या (दाबलेली स्प्रिंग घरी सोडवायचा प्रयोग नको, तिच्यात हात मोडण्याइतकी ताकद असते), गाडी घोड्यांवर, आणि खालून जॅकने चाक बंप स्टॉप (सस्पेन्शनच्या शेवटाला अडवणारा रबरी गुटका) दबेपर्यंत वर उचला. मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. मडगार्डचा ओठ, आतल्या प्लॅस्टिकचे स्क्रू आणि बंपर मडगार्डला मिळतो तो कोपरा, या तीन जागी मातीच्या गोळ्या चिकटवून ठेवा. चपट्या झाल्या की तिथे घासणार. हे शक्य नसेल तर मागे तिघांना बसवा, डिकीत सामान भरा आणि उतारावर तिरकं रिव्हर्स घ्या, माती तशीच लावून.

कुणी म्हणेल, याच मॉडेलला अमक्याने तमका ऑफसेट लावलाय, तोच घे. त्याची उंची, त्याचा कॅम्बर आणि त्याच्या टायरचा खांदा माहीत असेल तर जरूर घ्या. या तीनही गोष्टी सहसा फोटोत दिसत नाहीत.

चाकं आली की टायर चढवण्याआधी एक नुसती रिम पुढे आणि एक मागे लावून फिरवून बघा; टायर चढलेली चाकं परत घ्यायला कुणी तयार होत नाही. तुमच्याकडचे नियम चाक बॉडीबाहेर आलेलं चालवून घेतात का आणि विमा कंपनीला बदल कळवावा लागतो का, हेही याच दरम्यान उरकून टाका. नट हाताने लावायचे, आवळायचे टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने. ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा. आणि जुने नट फेकू नका, एका पिशवीत घालून स्टेपनीशेजारी ठेवा. पंक्चर झाल्यावर स्टेपनीच्या पत्र्याच्या रिमला तेच लागतात, नव्या अलॉयचे नाहीत.