मोटर बदलताय? आधी पायडल उलटं करून बघा

शिलाई मशीनची जळालेली मोटर काढायला पाच मिनिटं पुरतात. प्लग काढा, वादी उतरवा, ब्रॅकेटचा स्क्रू सोडा. गोची पुढे आहे.

नाशकात मेन रोडला जा नाहीतर शालिमारला, काउंटरवरचा प्रश्न ठरलेला: "ताई, किती वॅटची देऊ?" उत्तर देण्याआधी घरचं पायडल, म्हणजे पायाने दाबून मोटरचा वेग कमीजास्त करतो ते, उलटं करून त्यावरची पट्टी वाचलेली असू द्या. तिथे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर लिहिलेले असतात. मोटरवर नुसते वॅट असतील तर २३० ने भागा; १०० वॅट म्हणजे साधारण ०.४३ अ‍ॅम्पिअर. हा आकडा पायडलच्या आकड्याहून जास्त झाला, तर पायडल तापणार आणि जळका वास येणार.

कमी असला तर चालतं ना? मीही तसंच समजत होते. जुन्या पायडलमध्ये कार्बनच्या चकत्या किंवा रेझिस्टन्सची तार असते. मोटर जितका करंट ओढेल, तितकं व्होल्टेज तिथे अडतं. मोठ्या मोटरच्या पायडलला लहान मोटर जोडली की अडवणूक कमी पडते, आणि पाय टेकवताच मशीन सुसाट. हळू चालणं नाहीच. पैठणीच्या ब्लाउजचा काठ मी असाच एकदा उसवून पुन्हा शिवलाय, म्हणून सांगते.

त्यातही एक फसगत आहे. मोटर टेबलावर मोकळी चालवून वेग ठरवू नका. मोकळी मोटर करंट कमी ओढते, त्यामुळे जुन्या पायडलवर ती पळणारच. मी याच कारणाने एक चांगली मोटर परत केली होती! वादी चढवा, सुईखाली दुहेरी कापड घ्या, मगच पाय ठेवा.

माझं विचाराल तर नव्या मोटरसोबत इलेक्ट्रॉनिक पायडल घ्या. लहानमोठ्या मोटरला ते जास्त सांभाळून घेतं. फक्त त्याची अ‍ॅम्पिअरची मर्यादा मोटरपेक्षा वरची हवी. पंख्याचा रेग्युलेटर लावायचा सल्ला कोणी दिला तर नमस्कार करून निघा. कारखान्यातल्या शिलाई मशीनला सर्वो मोटर असते, तिचा कंट्रोलर (वेग सांभाळणारा डबा) तिच्या जोडीचाच लागतो, तिथे ही अदलाबदल विसरा.

जोडून झालं की वरचं चाक आपल्याकडे फिरतंय ना, बघा. उलटं फिरत असेल तर प्लगच्या वायरी अदलाबदल करून काही होत नाही, या मोटरची दिशा तशी बदलत नाही. दिशा दुकानातच विचारून घ्या.