जुनी ब्रिटिश चांदीची भांडी घेताय? या चुका टाळा

ब्रिटिश चांदीच्या भांड्यावर चार-पाच बारीक शिक्के असतात आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. शिक्के दिसले की घेणारा निर्धास्त होतो. पण शिक्का एवढंच सांगतो, की धातूचा हा तुकडा अमुक शहरात अमुक साली तपासला गेला होता. तो तुकडा आज ज्या भांड्यात आहे ते भांडं तेव्हाचंच आहे का, हे वजनावरून, झाळकामावरून आणि वरच्या कांतीवरून आपल्यालाच ठरवावं लागतं.

मुलाम्याला चांदी समजणं

बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन कंपनीने १८४० मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये मुलाम्याच्या भांड्यांना ऊत आला. अशा भांड्यांवर 'ई पी एन एस' ही रोमन अक्षरं वेगवेगळ्या छोट्या ढालींत ओळीने ठोकलेली असतात. लांबून ती हुबेहूब हॉलमार्कसारखी दिसतात. त्यातली बाकीची अक्षरं झिजली की उरलेला 'एस' सालाचं अक्षर (तपासणीचं साल सांगणारा शिक्का) वाटतो. 'ई पी' म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड, विजेने मुलामा दिलेलं. 'एन एस' म्हणजे निकेल सिल्व्हर, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. तांबं, निकेल आणि जस्त. आतल्या धातूत चांदी औषधालाही नाही. 'ई पी बी एम' असेल तर आत ब्रिटानिया मेटल, म्हणजे कथलाचा मिश्रधातू आहे. नावात 'ब्रिटानिया' पाहून ती ९५८ कसाची, म्हणजे हजारात ९५८ भाग शुद्ध असलेली, ब्रिटानिया चांदी समजू नका. 'ए १' ही अक्षरं मुलाम्याची प्रत सांगतात, धातूचा कस नव्हे.

इंग्लंडच्या स्टर्लिंगवर, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या धातूवर, पुढचा पंजा उचलून चालणारा सिंह हवा. लंडनमध्ये हा शिक्का १५४४ पासून आहे. मात्र सिंह नाही म्हणून लगेच भांडं बाजूलाही सारू नका. १६९७ ते १७२० या काळात इंग्लंडमध्ये ९५८ कस सक्तीचा होता. तेव्हा सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि मान तुटल्यासारखं दाखवलेलं सिंहाचं मुंडकं, असे दोन शिक्के मारत. १७५९ ते १९७५ या काळातल्या एडिंबराच्या भांड्यांवर काटेरी थिसलचं फूल असतं, डब्लिनच्या भांड्यांवर मुकुट असलेलं हार्प वाद्य.

लोहचुंबक इथे कामाचा नाही, कारण जर्मन सिल्व्हरही त्याला चिकटत नाही. सराफाकडचं टंच काढायचं मशीन फक्त वरचा थर वाचतं. मुलामा जाड असेल तर ते बिनदिक्कत चांदी दाखवेल. कसोटीवर घासून किंवा आम्ल टाकून पाहायला देऊ नका. जुन्या भांड्यावरचा तो ओरखडा कायमचा राहतो. त्यापेक्षा जिथे हात लागून झीज होते त्या जागा भिंगाने पाहा: पायांच्या कडा, चमच्याच्या खोलगट भागाची पाठ, दांड्याचं टोक. मुलामा असेल तर तिथे पिवळट किंवा करडा धातू डोकावतो.

कडांना तांबूस झाक दिसली तर थांबा, ती जुनी शेफील्ड प्लेट असू शकते. १७४० च्या दशकात शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने तांब्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडायचा आणि मग दोन्ही एकत्र लाटायचे, ही रीत शोधली. ही वस्तू स्टर्लिंग नव्हे, पण तिला स्वतःचा मान आहे आणि गिऱ्हाईकही आहे. तांबं दिसतं म्हणून नवा मुलामा चढवून घेतला, तर त्या वस्तूचं मोलच गेलं.

एका अक्षरावरून साल ठरवणं

लंडनच्या तपासणी कार्यालयात सालाची अक्षरं वीस-वीसच्या फेऱ्यांनी फिरत. म्हणून तेच अक्षर दर काही दशकांनी परत येतं. साधं मोठं रोमन 'ए' अक्षर १७९६ चं आहे तसंच १८७६ चंही आहे. ऐंशी वर्षांचा फरक, आणि किमतीतही तसाच. निवाडा बाकीचे शिक्के करतात. १७९६ च्या वस्तूवर लंडनची खूण असलेल्या बिबट्याच्या तोंडावर मुकुट असतो आणि राजाचं मुंडकं उजवीकडे पाहतं. १८७६ च्या वस्तूवर बिबट्याला मुकुट नाही (लंडनमध्ये तो १८२१ मध्ये गेला) आणि व्हिक्टोरिया राणी डावीकडे पाहते. राजा-राणीचं मुंडकं हा कर भरल्याचा शिक्का आहे. तो १ डिसेंबर १७८४ पासून १८९० पर्यंतच मारला जात होता. त्यामुळे छोटं 'ए' आणि सोबत मुंडकं असेल तर १८१६, मुंडकं नसेल तर १७३६, १७७६ किंवा १८९६. यातही मुकुटधारी बिबट्या १८९६ चा नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी शहर, मग कर, मग ढालीचा आकार आणि अक्षराची लिपी, आणि सर्वांत शेवटी त्या शहराच्या अक्षरांच्या तक्त्यात साल. बर्मिंगहॅमचा नांगर (जहाजाचा) आणि शेफील्डचा मुकुट दोन्ही १७७३ मध्ये सुरू झाले; मुकुट १९७५ पर्यंतच चालला. लंडनचा तक्ता या शहरांना लागू पडत नाही. शेफील्डची अक्षरं तर १८२४ पर्यंत वर्णमालेच्या क्रमानेही नव्हती. शिवाय लंडनमध्ये अक्षर मे महिन्यात बदलायचं, त्यामुळे एक अक्षर दोन इंग्रजी वर्षांत विभागलं जातं. जाणकार म्हणूनच '१७९६-९७' असं लिहितात.

शिक्का खरा, भांडं बदललेलं

खरी परीक्षा इथे आहे. अठराव्या शतकातला साधा कॉफीपॉट विकायला आला आहे असं धरा. तो उजेडात घ्या आणि घाई करू नका.

आधी तळाच्या शिक्क्यांवर तोंडाची वाफ सोडा. वाफ उडताना शिक्क्यांभोवती चौकोन किंवा वर्तुळाची बारीक रेघ उमटली, तर तो तुकडा दुसऱ्या वस्तूतून कापून इथे झाळलेला आहे. ही लबाडी जुनी आहे. १७२० ते १७५८ दरम्यान चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकवायला काही कारागीर एखादी लहान वस्तू तपासून घेत आणि तिचा शिक्का मोठ्या भांड्याच्या तळात बसवत. त्या काळातली अशी भांडी अभ्यासकांना हवी असतात. नंतरच्या काळातली बनावट कोणालाच नको. पॉटच्या तळाला शिक्के चमच्याच्या दांड्यावर मारल्यासारखे एका ओळीत खेटून असतील, तरीही ती रेघ शोधा.

मग झाकण उघडा. पॉटच्या झाकणावरही सिंह आणि कारागिराचा शिक्का असायला हवा. तिथे काहीच नसेल किंवा दुसऱ्याच कारागिराची अक्षरं असतील, तर झाकण नंतरचं आहे. किमतीत त्याची मोठी वजावट धरा.

आता अंगठ्याने पोटावर, जिथे घराण्याचं चिन्ह कोरायची जागा असते तिथे, हलकेच दाबून पाहा. चांदी डबीच्या झाकणासारखी आत-बाहेर करत असेल तर आधीच्या मालकाचं चिन्ह घासून काढलेलं आहे आणि पत्रा पातळ झाला आहे. वाफ सोडली की त्या जागी जुन्या रेघांची सावलीही कधी कधी दिसते. पातळ पत्र्यावर नवं चिन्ह कोरलेलं असेल तर तो पॉट टाळा.

आत टॉर्च मारा. चोच बसवलेल्या जागी भोकांच्या कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असाव्यात. कडा कोऱ्या आणि धारदार असतील तर चोच नंतर लावली आहे. बिअरचा साधा मग घेऊन त्याला चोच जोडायची आणि 'जग' म्हणून विकायचा, हा व्हिक्टोरियन काळातला नेहमीचा प्रकार. ब्रिटनमध्ये १९७३ च्या हॉलमार्किंग कायद्यानुसार भांड्यात अशी भर घातली असेल, तर नव्या भागाची तपासणी आणि जादा शिक्का लागतो. त्याशिवाय ते विकता येत नाही.

शेवटी नक्षी. साध्या जॉर्जियन (जॉर्ज राजांच्या काळातल्या) भांड्यांवर पुढच्या पिढ्यांनी उठावाची फुलं-पानं ठोकून घेतली. अठराव्या शतकातल्या जेवणाच्या मोठ्या चमच्यांच्या खोलगट भागात फळं ठोकून त्यावर सोन्याचा मुलामा दिला, की ते 'बेरी स्पून' झाले. दिसतात देखणे, पण संग्राहक साध्या मूळ चमच्याला जास्त मोजतात. नक्षीचा ठोका शिक्क्यावरून गेला असेल आणि शिक्का वेडावाकडा झाला असेल, तर नक्षी नंतरची.

पूर्ण बनावट वस्तू बहुतेक साच्यातल्या असतात. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा तीक्ष्ण असतात. साच्यातल्या शिक्क्याच्या कडा मऊ आणि तळ दाणेदार. सहा चमच्यांचा संच असेल तर सगळे शेजारी ठेवा. हाताने ठोकलेला शिक्का प्रत्येक चमच्यावर थोडा इकडेतिकडे असतो. सहाही चमच्यांवर तो केसभरही न हलता एकाच जागी असेल, तर सहाही एकाच चमच्याच्या साच्यातून निघालेले आहेत.

काटे-चमच्यांची झीज

चमच्याच्या टोकाची आणि डाव्या कडेची गोलाई नीट पाहा. उजव्या हाताने वापरला की डावी कड झिजते. काट्याचे दाते आखूड आणि बोथट असतील तर झिजलेले दाते कापून सारखे केलेले असण्याची शक्यता आहे. जुने काटे चमच्यांपेक्षा दुर्मीळ आहेत, म्हणून चमच्यातून काटा बनवण्याचे उद्योगही झालेले आहेत. १७८० च्या सुमारापर्यंत शिक्के दांड्याच्या खाली, खोलगट भागाजवळ मारत. नंतर ते वरच्या टोकाकडे गेले. शिक्क्यांची जागा सालाशी जुळत नसेल तर शंका घ्या.

वजनाचा गोंधळ

चांदी ट्रॉय औंसात मोजतात: एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा औंस २८.३५ ग्रॅमचा असतो. बारा चमच्यांचं वजन ७८० ग्रॅम भरलं तर वजनकाटा साडेसत्तावीस औंस दाखवेल, पण ट्रॉय औंस पंचवीसच भरतील. आपल्या जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याच्या हिशेबात ते सुमारे ६७ तोळे. त्यात शुद्ध चांदी ७८० गुणिले ०.९२५, म्हणजे ७२१.५ ग्रॅम.

मेणबत्तीदाण आणि सुऱ्यांच्या मुठी यांचं वजन हिशेबात धरूच नका. त्या बहुतेक पातळ पत्र्याच्या असतात, आत राळ, डांबर किंवा प्लास्टर भरलेलं असतं, मेणबत्तीदाणात कधी लोखंडी सळईही. कॅटलॉगमध्ये 'लोडेड' किंवा 'फिल्ड' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हाच. 'ग्रॉस वेट' म्हणजे लाकडी मुठीसकट वजन.

भांड्याच्या तळाला कधी कधी '२४=१०' असं बारीक ओरखडलेलं दिसतं. तो २४ औंस १० पेनीवेट असा जुना तोल आहे (२० पेनीवेट म्हणजे एक औंस), ग्रॅममध्ये ७६२. आजचं वजन त्याहून थोडं कमी भरणं साहजिक आहे, शतकभर घासल्याने तेवढं जातंच. बरंच कमी भरलं तर एखादा भाग गेला आहे किंवा पत्रा घासून पातळ केला आहे. जास्त भरलं तर काहीतरी जोडलेलं आहे. हा आकडा शिक्क्यांइतकाच मोलाचा साक्षीदार आहे आणि तो वाचायला पैसे पडत नाहीत.

किंमत ठरवताना

आपल्याकडे जुनी चांदी मोडीत घालताना घडणावळ शून्य धरायची सवय असते. तोच हिशेब इथे लावला तर चांगली वस्तू मातीमोल जाते. उलट बाजूने, वय झालं म्हणून प्रत्येक वस्तू अनमोल होत नाही. एकोणिसाव्या शतकातले सर्वसाधारण चमचे अनेकदा धातूच्या भावाच्या आसपासच विकले जातात. पण १७६० च्या सुमाराचा, जेमतेम तीन औंसांचा, शिक्के ठसठशीत असलेला क्रीमचा जग धातूच्या कितीतरी पट देऊन जातो. काटे-चमच्यांचा संच एकाच कारागिराचा आणि एकाच सालाचा असेल तर भाव वेगळा. वेगवेगळ्या सालांचे जुळवलेले असतील तर वेगळा.

पॉल स्टॉर किंवा पॉल द लामेरी या लंडनच्या नामांकित कारागिरांची नावं भाव वाढवतात, पण वस्तूची अवस्था चांगली असेल तरच. हेस्टर बेटमन यांनी १७६१ मध्ये आपला शिक्का नोंदवला. त्यांच्या कारखान्याचा माल पुष्कळ आहे आणि बराचसा वजनाला हलका आहे. नावासाठी झिजलेला चमचा दुप्पट भावाने घेऊ नका.

विम्यासाठी केलेलं मूल्यांकन म्हणजे तशीच वस्तू दुकानातून परत घ्यायला लागणारी रक्कम. विकताना तेवढे पैसे मिळत नाहीत. लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन आणि कर चढतात. ऑनलाइन मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या बघा.

मुंबई-पुण्यात मिळणारी 'ब्रिटिश' चांदी बऱ्याचदा इथेच घडवलेली असते. कलकत्त्याची हॅमिल्टन अँड कंपनी आणि मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांनी ब्रिटिश घाटाची भांडी केली आणि त्यांवर स्वतःच्या खुणा मारल्या. त्या लंडनच्या तक्त्यात शोधून हाती काही लागत नाही. या चांदीचा बाजार वेगळा आहे आणि चांगला आहे.

घरी आणल्यावर

राख, रांगोळी, चिंच आणि भांडी घासायची पावडर या चांदीला लावू नका. त्या कांतीसोबत शिक्केही घासतात, आणि शिक्के गेले की परत येत नाहीत. सराफाकडच्या बफिंगच्या चाकापासून तर भांडं लांबच ठेवा. बुडवून काढायचं रसायन नक्षीच्या खोबणीतला काळसरपणाही काढतं, मग नक्षी सपाट आणि पांढरीफटक दिसते. वरच्या थरात दिसणारे जांभळट-करडे डाग हे घडवताना चांदीतल्या तांब्याचं ऑक्साइड झाल्याचे असतात. ते घासायला जाऊ नका. भांडं पुन्हा मुलामा देऊन झाकलेलं नाही, याची ती खूण आहे.

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ सुती कापड आणि लगेच कोरडं करणं, एवढं पुरतं. सुऱ्या आणि मेणबत्तीदाण गरम पाण्यात बुडवले की आतली राळ सुटते आणि पातं डुगडुगतं. मीठदाणीत मीठ ठेवून विसरू नका, चांदीला खड्डे पडतात. म्हणून तर तिच्या आत सोन्याचा मुलामा किंवा काचेची वाटी असते. पोचा आला किंवा जोड सुटला तर शिसं-कथलाची झाळ लावू देऊ नका. पुढे चांदीची झाळ द्यायला भांडं तापवलं की ते शिसं चांदीत उतरून तिला खातं.

रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्र यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते. भांडी आम्लविरहित कागदात गुंडाळा आणि पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

परदेशातून टीपॉट मागवत असाल तर मुठीजवळचे दोन पांढरे कडे आधी पाहा. उष्णता मुठीत उतरू नये म्हणून ते बसवलेले असतात आणि अनेकदा हस्तिदंताचे असतात. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे आणि ब्रिटनमध्येही २०२२ पासून असा पॉट विकायला नोंदणी लागते. विक्रेत्याकडून कडे कशाचे आहेत हे पैसे देण्याआधी लेखी घ्या.