रॉडची ईव्हीए मूठ: आधी भोक, मग आकार

फिशिंग रॉडची ईव्हीएची, म्हणजे चपलेच्या तळासारख्या कडक फोमची मूठ बिघडते ती बहुतेक वेळा घासण्यात नाही, भोकात. फोम 8 मिमीच्या सळईवर चढवून देखणा आकार काढला जातो आणि मग तीच मूठ 12 मिमीच्या ब्लँकवर (रॉडच्या मूळ काठीवर) ताणून बसवली जाते. फोम आतून ताणला की बाहेरून फुगतो, बारीक भागात तर जास्तच. सळईवर 25 मिमी असलेला भाग साडेसव्वीसपर्यंत जातो, 18 मिमीची कंबर वीसपर्यंत. मग बोटांना जमवलेली कंबर जाड वाटते आणि रील सीटशी (रील बसवायच्या जागेशी) जुळवलेलं टोक पायरीसारखं वर उभं राहतं.

म्हणून पहिल्यांदा ब्लँक मोजा, मूठ जिथे सुरू होते तिथे आणि जिथे संपते तिथेही, कारण ब्लँक निमुळता असतो. मग त्याच जाडीची सळई करून घ्या. 12 मिमीची सुमारे 400 मिमी लांब ब्राइट बार (गुळगुळीत पोलादी सळई) घेऊन दोन्ही टोकं 40 मिमीपर्यंत उतरवून 8 मिमी करायची. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवाल्याला हे किरकोळ काम आहे. एक टोक शिकंज्यात पक्क्या धरलेल्या ड्रिलच्या चकमध्ये, दुसरं 608 नंबरच्या बेअरिंगमध्ये. त्या बेअरिंगचं भोक 8 मिमी आणि बाहेरचा व्यास 22, म्हणजे लाकडी ठोकळ्यात 22 मिमीचं भोक पाडून ते ठोकून बसवलं की झालं. दुसऱ्या टोकाला आधार नसेल तर सळई हेलकावते आणि मूठ कधीच गोल होत नाही. ब्लँकचा उतार हवा असेल तर थोडी बारीक सळई घेऊन मास्किंग टेपने भरा. एका वेढ्याला व्यास साधारण पाव मिमी वाढतो.

फोमची तयार नळी मिळाली नाही तर चप्पल-बुटांच्या सामानाच्या दुकानातली कडक ईव्हीए शीट चालते. नखाने दाबल्यावर खूण लगेच भरून आली पाहिजे. पॅकिंगचा मऊ फोम घेऊ नका, तो घासताना कापला न जाता दबतो. 40 मिमीच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) चकत्या काढल्या की मधलं 6 मिमीचं भोक आपोआप पडतं. ड्रिल हळू चालवा, नाहीतर कड वितळते.

चकत्या चिकटवायला चपलेचे तळ चिकटवतात तेच कॉन्टॅक्ट अॅधेसिव्ह. दोन्ही बाजूंना पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाला लागेनासं झालं की मेणबत्ती चोळलेल्या 6 मिमी सळईवर ओवून घट्ट दाबायचं. इथे इपॉक्सी किंवा फेव्हिक्विक नको. ते कडक होतं, शेजारचा फोम झिजतो आणि जोडाची रेघ कड्यासारखी वर राहते. तळहाताला ती सतत टोचते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात हे काम कोरड्या खोलीत, उघडीप बघून करा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं आणि जोड पुढे घासताना सुटतो. सुकवायला शेगडीजवळ मात्र नेऊ नका, ते पेट घेतं. चिकटवल्यावर रात्रभर ठेवा.

आता भोक. बारीक सळईवर 80 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी चिकटवून ती ड्रिलमध्ये फिरवा आणि फोम हाताने आत-बाहेर करा. ब्लँकपेक्षा एक ते दीड मिमी कमी, म्हणजे 12 ला साडेदहा ते अकरा, इतकं झालं की थांबा. भोक यापेक्षा घट्ट राहिलं तर बसवताना सगळा गम पुढे खरवडला जातो आणि आत कोरडी जागा उरते. सैल झालं तर सळईवर फोम जागच्या जागी फिरतो आणि आतून जळतो.

आता फोम 12 च्या सळईवर चढवा. घासायला कापडी पाठीचा पेपर, 25 मिमी रुंद पट्टी. कंबरेसाठी बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी दोन्ही हातांनी धरा. सरळ भागाला मात्र पट्टी लाकडी ठोकळ्यावर ताणा, नाहीतर लाटा पडतात. आकार 60 नंबरने, मिनिटाला हजार ते दीड हजार फेऱ्यांवर. मग 120, 220. हवं ते माप येण्याआधी अर्धा मिमी राखून 120 वर या, उरलेलं आपोआप जातं. व्हर्नियरचे जबडे फोमला दाबतात आणि माप कमी दाखवतात, म्हणून पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा फर्मा कापून मशीन बंद करून लावून बघा.

पट्टी एका जागी धरू नका. फोम तापला की त्यावर काळी चकाकी येते, ती जागा पेपरला नीट लागत नाही आणि शेजारी खड्डा पडतो. चकाकी दिसली की फेऱ्या कमी करून ताज्या 220 ने अलगद उडवा. भरलेला पेपर जुन्या क्रेपच्या चपलेने घासला की पुन्हा धरतो. शेवटी 400 चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून, पण ड्रिलपासून लांब, हाताने सळईच्या लांबीला आडवा फिरवायचा. मास्क लावा, ही भुकटी बारीक असते आणि कपड्यांना चिकटते. सैल बाही, अंगठी, कडं काढून ठेवा.

धुऊन पूर्ण वाळवा. थिनरने पुसू नका, फोम फुगतो; आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. बसवायला हळू सुकणारं अॅराल्डाइट. ब्लँक 220 ने खरखरीत करून थोडा गम भोकात आणि थोडा ब्लँकवर लावा, मूठ टोकाकडून बुडाकडे फिरवत-ढकलत न्या. मध्ये थांबलात तर तिथेच धरते. बाहेर आलेला गम ओला असतानाच पुसा आणि चोवीस तास रॉडला हात लावू नका.