रीसेटच्या आधी किती घासायचं? आठवड्याच्या लूटचा हिशोब

मंगळवारी रात्री साडेबाराला मावसभावाचा मेसेज, "दादा दोन की बाकी आहेत, येतोस काय?" आता सकाळी सहाला माझी कंपनीची बस, कुंडईला पहिली शिफ्ट, आणि हा पठ्ठ्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये वॉल्टच्या, म्हणजे आठवड्याच्या बक्षिसांच्या पेटीच्या, तिसऱ्या स्लॉटसाठी जागतोय (की म्हणजे डंजनची, राक्षसांनी भरलेल्या गुहेची, एक फेरी; स्लॉट म्हणजे पेटीतला निवडीचा एक पर्याय). मी नाही गेलो. दुसऱ्या दिवशी फोनवर त्याला जे समजावलं तेच इथे टाइप करतोय, कारण दोन वर्षं मी पण हेच केलंय, लाल डोळ्यांनी कामावर जायचं आणि वॉल्ट उघडला की तीन आठवड्यांपूर्वी मिळालेलीच अंगठी परत हातात.

आधी एक करा, तुमच्या गेमचा रीसेट (जुन्या आठवड्याचा हिशोब संपून नवा सुरू होतो ती वेळ) आपल्या घड्याळात कधी होतो ते कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा सर्वर भारतात नाही, आमचा ग्रुप युरोपवर खेळतो, तिथला रीसेट आपल्याकडे बुधवारी सकाळी. फायनल फँटसी १४ चा मंगळवारी दुपारी दीडला, डेस्टिनी २ चा मंगळवारीच पण रात्री साडेदहाला. गेन्शिनने मला एकदा चांगलंच फसवलं. एशिया सर्वरचा रीसेट सोमवारी पहाटे ४ ला हे वाचलेलं, म्हणून रविवारी रात्री जेवून, मॅच बघून आरामात पावणेदोनला बसलो तर आठवडा संपलेला. ते ४ वाजतात सर्वरच्या घड्याळात, आपल्याकडे तेव्हा दीडच वाजलेले असतात.

आणि शेवटच्या रात्रीवर काही ठेवू नका. माझी आजी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला मुद्दाम संध्याकाळी जायची, उठता उठता भाजीवाल्या भाव सोडतात म्हणून. रीसेटचं बरोबर उलटं आहे, शेवटच्या तासाला सगळंच महाग पडतं, ग्रुपात निम्मे लोक झोपेत, निम्मे चिडलेले, आणि एकदा मेलात की एक जण गुपचूप सटकतो.

आता मुख्य हिशोब. वॉरक्राफ्टचं उदाहरण घेतो कारण ग्रेट वॉल्टमध्ये लोक सगळ्यात जास्त वेळ जाळतात. वॉल्टमध्ये पर्यायांच्या तीन ओळी असतात, त्यातल्या मिथिक प्लसच्या (टायमर लावून खेळायच्या डंजनच्या) ओळीत १ डंजन केलं की पहिला स्लॉट, ४ झाली की दुसरा, ८ झाली की तिसरा. टायमर साधारण अर्ध्या तासाचा असला तरी ग्रुप जमवणं, कोणीतरी टॉयलेटला जाणं, हे सगळं धरून मला एका डंजनला ५० मिनिटं लागतात (मी डीपीएस, म्हणजे नुसता मारणारा; टँक, म्हणजे मार अंगावर घेणारा, असाल तर तुमची मजा आहे). म्हणजे पहिला स्लॉट ५० मिनिटांत, दुसऱ्यासाठी आणखी अडीच तास, आणि तिसऱ्यासाठी त्यावर आणखी ३ तास २० मिनिटं. एवढं करून घ्यायची वस्तू एकच! बाकीचे स्लॉट फक्त निवड वाढवतात.

निवड वाढून मिळतं किती तेही बघा. समजा वॉल्टमधून येऊ शकणाऱ्या वस्तूंतल्या निम्म्या तुमच्या कामाच्या आहेत आणि सगळ्यांचा चान्स सारखा धरला, तर एका स्लॉटला ५० टक्के, दोनला ७५, तीनला साडेसत्त्याऐंशी. म्हणजे शेवटच्या ३ तास २० मिनिटांनी साडेबारा टक्के वाढले. सीझनच्या शेवटी जेव्हा आठातली एकच वस्तू कामाची उरते तेव्हा साडेबारा, तेवीस आणि तेहतीस, म्हणजे तिसऱ्या स्लॉटचे जेमतेम दहा टक्के. सीझनच्या सुरुवातीला तर काहीही आलं तरी अपग्रेडच, तेव्हा पहिल्या स्लॉटवरच काम भागतं. म्हणून माझा नियम चार डंजनचा, पाचवं फक्त मजा येत असेल तरच.

पण थांबा, याच्यातही एक गोम आहे जी भावाला माहीतच नव्हती. वॉल्टच्या तिन्ही ओळी मिळून वस्तू एकच घ्यायची असते. रेडच्या (मोठ्या ग्रुपने मारायच्या बॉसच्या) ओळीत २, ४, ६ बॉसना स्लॉट उघडतात, आणि द वॉर विदिन या विस्तारापासून तिसरी ओळ डेल्व्ह (एकट्यानेही खेळता येणाऱ्या छोट्या गुहा) वगैरेची आहे, तिथे २, ४, ८. आता तुम्ही शनिवारी गिल्डबरोबर चार बॉस मारले असतील तर दोन पर्याय आधीच खिशात आहेत, मग मिथिक प्लसचं एक डंजन केलं की तीन पर्याय झाले. तिथे आठ डंजन करत बसणं म्हणजे घरात फणस पिकलेला असताना बाजारातून फणस आणणं.

कुठली की करायची तेही महत्त्वाचं. दुसरा स्लॉट तुमच्या चौथ्या नंबरच्या चांगल्या रनवर ठरतो, तिसरा आठव्यावर. एक भारी की मारली आणि सात फालतू उरकली तर तिसऱ्या स्लॉटात फालतूच माल येणार. द वॉर विदिनमध्ये १० ची की (आकडा मोठा तितकी अवघड) झाली की वॉल्टचा वरचा मिथ ट्रॅक, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची वस्तू, मिळतो, १२ केलीत म्हणून वॉल्ट जास्त देत नाही, तेव्हा लूटसाठी खेळत असाल तर चार वेळा १० करा आणि रेटिंगवाल्यांच्या नादाला लागू नका. शिवाय टायमर गेला म्हणून ग्रुप सोडू नका, पूर्ण केलेलं डंजन वॉल्टला उशिरा संपलं तरी धरलं जातं. दोन मिनिटांसाठी चाळीस मिनिटं फुकट घालवणारे लोक मी दर आठवड्याला बघतो, राग येतो अगदी.

जिथे नशीब नसून ठरलेला पगार असतो तिथे मात्र मी चुकत नाही. फायनल फँटसी १४ मध्ये नवे टोमस्टोन (चिलखत वगैरे घ्यायची गेममधली नाणी) आठवड्याला ४५० च मिळतात. अंगातलं चिलखत ८२५ चं, म्हणजे दोन आठवडे, आणि एक आठवडा बुडाला तर चिलखत सरळ एक आठवडा पुढे गेलं, तिथे कुठलाही चान्स मदतीला येत नाही. वॉल्टचा तिसरा स्लॉट बुडाला तर बहुतेक वेळा काहीच बुडत नाही. तर वेळ कमी असला की आधी ४५० भरायचे, रोज थोडी रूलेट (गेम नेमून देतो ती डंजनं) करून, मग राहिलेल्या वेळात नशीब आजमावायचं. त्याच गेममधली ती स्टिकरची वही, वंड्रस टेल्स, नऊ स्टिकर लागतात आणि वही दोन आठवडे चालते, त्यामुळे गावी जायच्या आधी वही घेऊन ठेवली की परत येऊन भरता येते.

गेन्शिनमध्ये तर काम आणखी सोपं. आठवड्याच्या बॉसपैकी पहिले तीन ३० रेझिनला (बक्षीस घ्यायला खर्च होणारी, आपोआप भरणारी ऊर्जा), चौथ्यापासून ६०. रेझिन ८ मिनिटाला एक, म्हणजे दिवसाला १८०, तेव्हा ते तीन बॉस म्हणजे अर्ध्या दिवसाचं रेझिन. सोमवारी संध्याकाळीच उरकून टाका. चौथा बॉस तेव्हाच घ्यायचा जेव्हा त्याचंच मटेरियल अडलेलं असतं.

आता आपल्याकडची अडचण. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की लाईट जाणारच, आणि जाते ती नेमकी शेवटच्या बॉसला. माझ्या एका रनचं असं वाटोळं झालं तेव्हा चार अनोळखी लोकांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहित नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि पावसाळ्यात चार डंजन पहिल्या तीन दिवसांत संपवा. चवथीच्या आठवड्यात तर प्लॅनच करू नका. आम्ही पाच दिवस पेडण्याला मूळ घरी असतो, माटोळी बांधायची, आरत्या, नेवऱ्या, वर रेंज फक्त विहिरीजवळ. त्या आठवड्यासाठी निघायच्या आधी एक डंजन आणि वही, बस.

भावाला हे सगळं सांगितलं, टक्के पण काढून दाखवले. तो हो हो म्हणाला आणि मग स्क्रीनशॉट पाठवला. त्या रात्री मी नाही म्हटल्यावर दुसरे कोण तरी गाठून त्याने दोन्ही की संपवलेल्या, आणि तिसऱ्या स्लॉटात सीझनभर हवा असलेला ट्रिंकेट. साडेबारा टक्के म्हणजे कधीतरी लागणारच की! आता पुढच्या मंगळवारी परत मेसेज येणार, मी फोन सायलेंटवर ठेवून झोपणार आहे.