ट्रकनं उडवलं, जीव वाचला : आता फाईलमध्ये काय काय हवं

दादाच्या दुचाकीला ट्रकनं मागून धडक दिली त्या रात्री आयसीयूबाहेर बसलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही कागदपत्रं सुचली नाहीत. सुचणार तरी कशी? पण नुकसानभरपाईच्या दाव्यात पुढे जे झालं, ते पहिल्या पंधरा दिवसांत आम्ही काय जपलं आणि काय हरवलं यावरच ठरलं. म्हणून हे लिहिते आहे ते वॉर्डाबाहेर बसलेल्या माणसासाठी. जखमी माणसाला यातलं काहीच करता येत नाही. घरातल्या एकानं फाईल हातात घ्यावी आणि ती शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहावी.

सगळ्यात आधी केसपेपर वाचा. अपघात विभागात घाईघाईनं एक ओळ लिहिलेली असते, जखम कशानं झाली त्याची. दादाच्या केसपेपरवर ‘गाडीवरून पडून’ एवढंच होतं, कारण त्याला आणून सोडणाऱ्या भल्या माणसानं तेवढंच सांगितलं होतं. पुढे विमा कंपनीच्या वकिलानं त्याच ओळीवर बोट ठेवलं : ट्रकचा संबंधच नाही, हा आपला आपण घसरला. ट्रकनं धडक दिली असेल तर ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कागदावर तसं उतरलं का ते पाहा, आणि एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे रुग्णालयानं पोलिसांना कळवायची केस) नोंद झाली का, तिचा नंबर काय, हे लिहून घ्या. त्याच वेळी कॅशलेस उपचारांचंही विचारा. ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळू शकतात. मागितल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही.

मग पोलीस ठाणं. जखमी बोलू शकत नसेल तर फिर्याद नातेवाईक किंवा पाहणारा साक्षीदार देऊ शकतो. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्कच आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तरी ऐकू नका, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते. तरीही नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघाताला भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात : बेदरकार वाहन चालवण्यासाठी २८१, दुखापत आणि गंभीर दुखापतीसाठी १२५. मात्र चालकावरचा फौजदारी खटला वेगळा आणि तुमच्या भरपाईचा दावा वेगळा. खटल्याचा निकाल लागेपर्यंत दावा थांबवून ठेवू नका. दाव्यात चालकाची चूक संशयापलीकडे सिद्ध करावी लागत नाही, शक्यतेचं पारडं तुमच्याकडे झुकलं तरी पुरतं.

एफआयआर हातात आली की ट्रकचा नंबर अक्षर न् अक्षर पडताळा. आमच्याकडे एक आकडा चुकला होता आणि तो पुरवणी जबाबात दुरुस्त करून घ्यायला दोन महिने गेले. ट्रेलर असेल तर ओढणाऱ्या गाडीचा आणि मागच्या ट्रेलरचा, दोन्ही नंबर घ्या, कारण दोघांचा विमा वेगळा असू शकतो. घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांचे फोटो, रस्त्यावरच्या टायरच्या खुणा, जवळच्या ढाब्याचं किंवा पेट्रोलपंपाचं सीसीटीव्ही, यातलं जे मिळेल ते मिळवा. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पंपमालकाला आणि तपास अधिकाऱ्याला त्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. अंधारात, इंडिकेटर आणि रिफ्लेक्टर न लावता रस्त्यात उभ्या केलेल्या ट्रकवर कुणी मागून आदळलं असेल तरी हे सगळं तितकंच लागू आहे. उभा ट्रकही निष्काळजीपणाच. आदळणाऱ्याचा काही वाटा धरला जाईल, पण दावा संपत नाही.

१ एप्रिल २०२२ पासून पोलिसांवर एक ठोस जबाबदारी आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (भरपाईचा दावा चालतो तिथं) आणि विमा कंपनीकडे जायला हवा. चालक, मालक आणि जखमी यांच्याकडून ठरलेले फॉर्म भरून घ्यायचे असतात. ‘सविस्तर अहवाल कधी पाठवताय?’ एवढा एक प्रश्न दर पंधरा दिवसांनी विचारत राहा.

दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांनाही सामनेवाले करायचं. चालकाकडे पैसे नाहीत म्हणून हातपाय गाळू नका. कामावर असताना त्यानं केलेल्या चुकीची भरपाई मालकावर येते आणि थर्ड पार्टी विमा असल्यास ती कंपनीला भरावी लागते. लायसन्स किंवा परमिटमध्ये गडबड निघाली तरी अनेकदा आधी कंपनीनं पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत असा आदेश होतो. ‘ब्रेक फेल झाले’ हे उत्तर तर हमखास येणार. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या उतारावरच्या अपघातांनंतर ते आपण किती वेळा ऐकलं! त्या उत्तरानं मालक सुटत नाही. गाडीची नीट निगा राखूनही दोष कळण्यासारखा नव्हता, हे त्यानं सिद्ध करायचं असतं. म्हणून आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकानं ट्रक तपासून दिलेला अहवाल, फिटनेस प्रमाणपत्र आणि विम्याची प्रत फाईलमध्ये हवीच. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तर हिट अँड रनच्या योजनेत प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. रक्कम थोडी आहे, पण सोडू नका.

आता ज्यात आम्ही सगळ्यात जास्त चुकलो ते. जखमेचे कागद सगळेच ठेवतात, जखमेआधी माणूस काय कमावत होता त्याचे कागद कुणी ठेवत नाही. दादा फॅब्रिकेशनचं काम करायचा, मजुरी रोख, वहीत नोंद अर्धवट. एक हिशेब मांडते. वय ३८, महिन्याची कमाई १८ हजार, आणि कामाची क्षमता ३० टक्क्यांनी गेली असं धरा. वर्षाला २ लाख १६ हजार, त्याचे ३० टक्के ६४ हजार ८००, आणि या वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला गुणायचा, वयानुसार ठरलेला आकडा) १५ लागतो, म्हणजे ९ लाख ७२ हजार. तोच माणूस कमाई सिद्ध करू शकला नाही आणि न्यायाधिकरणानं महिना १० हजार धरले, तर ५ लाख ४० हजार. केवळ कागद नसल्यानं ४ लाख ३२ हजारांचा फरक, तोही पुढच्या पगारवाढीची भर न धरता. तेव्हा पगारपत्रक, बँकेचं खातं, यूपीआयच्या नोंदी, आयकर विवरण, सातबारा, दूध डेअरीची बिलं, ठेकेदाराचा दाखला, जे जे असेल ते गोळा करा. दाखला देणाऱ्याला पुढे साक्षीला यावं लागेल, हे त्याला आधीच सांगून ठेवा. जखमी गृहिणी असेल तर ‘तिची कमाई काहीच नाही’ असं कुणालाही लिहू देऊ नका. घरकामाचं मोल धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

दिव्यांगत्वाच्या टक्क्यांचंही नीट समजून घ्या. दाखल्यावरचा टक्का आणि कमाईत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालातलं उदाहरण फार बोलकं आहे : डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व साठेक टक्के भरेल, पण तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, आणि सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकून राहते. म्हणून आता कोणतं काम जमत नाही ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्या डॉक्टरांना साक्षीला बोलवण्याची तयारी ठेवा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, प्लेट-रॉडची बिलं, फिजिओथेरपीच्या पावत्या, रिक्षाभाडं, सोबतीला ठेवलेल्या माणसाचे पैसे, हे सगळं तारखेनिशी एका वहीत उतरवा. औषधाच्या दुकानातल्या पावत्यांवरची शाई वर्षभरात उडते, त्यांच्या झेरॉक्स आजच काढा. मेडिक्लेममध्ये मूळ बिलं गेली असतील तर शिक्क्याच्या प्रती मागून घ्या. मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२५ मध्ये ठरवलं आहे.

दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं असलं तरी त्या भरवशावर दिवस घालवू नका. अपघात कुठेही होवो, दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येतो, हेलपाटे वाचतात. जखमी कामावर असताना अपघात झाला असेल तर कर्मचारी भरपाई कायद्याचाही रस्ता आहे, पण दोन्हींपैकी एकच निवडता येतो. आणि सही करण्याआधी हे वाचाच : गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करता अडीच लाख मिळण्याची मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ ची तरतूद आहे. ते पैसे तडजोडीनं स्वीकारले की मोठा दावा संपतो. महिन्या-दोन महिन्यांत बरं होणाऱ्या माणसाला ते ठीक आहे. ज्याचा पाय पुन्हा भार घेईल की नाही हेच कळलेलं नाही, त्यानं थांबावं. लोकअदालतीतली तडजोडही अशीच, तिच्यावर अपील नाही.

रुग्णालयाच्या दारातच ‘केस आम्ही बघतो, मिळेल त्यातले इतके टक्के’ म्हणणारे भेटतील. निकालातल्या रकमेत वाटा ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी आधी ठरवा, पावती घ्या, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका. ऐपत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन १५१००. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

जखमीच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं, आधार आणि पॅन तयार ठेवा. निकालानंतर रकमेचा काही भाग मुदत ठेवीत टाकला जातो, तेव्हा पुढच्या ऑपरेशनसाठी किती रक्कम हातात हवी याचं रुग्णालयाचं लेखी अंदाजपत्रक दाव्याच्या वेळीच जोडा. आम्ही ते जोडलं नव्हतं, आणि दादाच्या मांडीतला रॉड काढायला व्याजानं पैसे काढावे लागले.