कडाक्याच्या थंडीत छोट्या विमानाचं इंजिन सुरू करताना या चुका टाळा

बारामती, धुळे किंवा गोंदियात ज्यांनी सुरुवातीचे फ्लाइंगचे तास केले, त्यांना तापलेल्या इंजिनाची कटकट चांगली माहीत असते. एप्रिलच्या दुपारी इंधन भरून परत स्टार्ट करायला जावं, तर इंजिन पकडतच नाही. त्यातलीच काही मुलं पुढे लायसन्ससाठी कॅनडात येतात. जानेवारीत विनिपेगच्या एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेत) उभी राहतात, मेटारमध्ये, म्हणजे विमानतळाच्या हवामान अहवालात, तापमानाच्या जागी ‘एम१८/एम२१’ असं वाचतात आणि त्यातला एम म्हणजे उणे हे कळल्यावर एकच काळजी करतात: इंजिन सुरू होईल ना?

मला उलटी काळजी असते. सुरू झालं नाही तर एक सॉर्टी (उड्डाणाची फेरी) बुडेल, फार तर इन्स्ट्रक्टर वैतागेल. तयारी नसताना सुरू झालं, तर मात्र आत जे घडतं ते त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. पन्नास तासांनी ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या उजेडात पसरल्या की त्यात धातूचे चमचमणारे कण दिसतात. तोवर ती सकाळ कुणाच्या लक्षातही नसते.

सेसना १७२ किंवा पायपर वॉरियरमधल्या लायकमिंग इंजिनाचा क्रँककेस (बाहेरचं कवच) अॅल्युमिनियमचा असतो आणि आतला क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा, पोलादाचा. थंडीत अॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट आकसतं. म्हणजे बेअरिंगमधली ऑइलसाठीची फट अगदी नको तेव्हा अरुंद होते. आणि ऑइल? डिसेंबरात बाटलीत थिजलेलं खोबरेल तेल आठवा, तशीच त्याची गत. पंप ते ओढायला धडपडतो आणि तोवर धातूवर धातू घासत राहतो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला असतो. त्याला ऑइल मिळतं ते मुख्यतः आतल्या उडणाऱ्या शिंतोड्यांतून, त्यामुळे त्याचा नंबर शेवटी लागतो. पिस्टनची तऱ्हा वेगळी. तो अॅल्युमिनियमचा, झटकन तापून फुगतो. भोवतीचं पोलादी सिलिंडर गार हवेत असल्यामुळे तितक्या वेगाने फुगत नाही. मग ओरखडे उठतात.

‘उणे दहाच तर आहे’

सगळ्यात जास्त इंजिनं मार खातात ती उणे तिशीत नाही, असं माझं मत आहे. उणे तीसला कुणी मस्ती करत नाही. सगळेच हीटर शोधतात. घोळ होतो तो उणे आठ ते उणे पंधराच्या पट्ट्यात. १५डब्ल्यू-५० सारखं मल्टिग्रेड ऑइल असेल तर इंजिन कुरकुरत का होईना, फिरतं, पकडतं आणि मग ‘बघा, प्रीहीट लागलंच नाही’, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन गरम करायची गरजच पडली नाही, असं म्हणायची सोय होते.

कंपन्यांचे आकडे स्पष्ट आहेत. लायकमिंग बहुतेक मॉडेलांसाठी उणे १२ सेल्सिअसखाली प्रीहीट करायला सांगते. जुन्या १७२-एनमध्ये असलेल्या ओ-३२०-एच मालिकेसाठी ही मर्यादा उणे ७च्या आसपास आहे. कॉन्टिनेंटलचं इंजिन उणे ७ किंवा त्याखाली दोन तास उभं राहिलं असेल, तरी प्रीहीट हवं. आणि यात बघायचं ते रात्रभराचं तापमान. सकाळी दहा वाजता ऊन पडून पारा उणे पाचवर आला, म्हणून उणे वीसमध्ये रात्र काढलेला धातूचा गोळा लगेच गरम होत नाही.

डिपस्टिक बाहेर काढून तिरकी धरा. थेंब तयार होऊन पडतोय का, की ऑइल नुसतंच लोंबकळतंय? मोजमाप म्हणून हे कच्चं आहे, पण ‘आज चालून जाईल’ म्हणणाऱ्याला गप्प करायला पुरतं. हिवाळ्यातही थंडीत फार घट्ट होणारं सिंगल ग्रेडचं एसएई ५० ऑइल घालून ठेवणाऱ्या मालकांबद्दल मी काही बोलत नाही.

वरवर शेकणं

प्रीहीट न करण्यापेक्षा अर्धवट प्रीहीट कधीकधी जास्त घातक ठरतं. गरम हवेच्या हीटरचा पाइप काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पुढच्या तोंडात खुपसायचा, दहा मिनिटं हात चोळत उभं राहायचं, सिलिंडर हेडचं तापमान वर आलं की खुशीत आत बसायचं, हा सर्रास चालणारा प्रकार. सिलिंडरला पातळ फिन्स असतात, ते पटकन तापतात. त्यामुळे इंजिन मजेत पकडतं. पण खाली सम्पमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) ऑइल, ऑइल कूलर आणि तिकडे जाणाऱ्या नळ्या अजून गोठलेल्याच असतात. म्हणजे तुम्ही इंजिनाला सुरू होण्याइतपत गरम केलंत, चालण्याइतपत नाही.

पाइप खालूनही द्या, सम्पवर आणि कूलरच्या बाजूला. अधूनमधून जागा बदला. एकाच ठिकाणी झोत धरला तर होजेस आणि वायरिंग भाजतं. हात आत घालून सम्पला बाहेरून स्पर्श करा. तो कोमट लागला पाहिजे. मागे फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपाशी) अजून बर्फासारखं गार असेल तर काम झालेलं नाही. केरोसीनवर चालणारा हीटर असेल तर एक माणूस तिथे उभा हवा आणि त्याच्या हाताशी फायर एक्स्टिंग्विशर हवं. हीटर लावून कॉफी प्यायला आत निघून जाणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. वर पेट्रोलच्या टाक्या आहेत हो.

विजेवरची व्यवस्था यापेक्षा केव्हाही चांगली. विनिपेगमध्ये पार्किंगच्या जागोजागी गाड्यांच्या ब्लॉक हीटरसाठी प्लग असतात, विमानासाठीही तसंच. सम्पला चिकटवलेला हीटिंग पॅड आणि प्रत्येक सिलिंडरला छोटा हीटर, वरून जाड इन्सुलेटेड कव्हर, विमानाच्या नाकावरच्या भोकांत बुचं. कव्हर नसेल तर अर्धी ऊब वाऱ्यावर जाते. बरीचशी प्रोपेलरमधूनही जाते, कारण तो थेट क्रँकशाफ्टला जोडलेला अॅल्युमिनियमचा मोठा पत्रा आहे. म्हणून खूप थंडीत प्रॉपलाही कव्हर घालतात.

फक्त सम्पचाच पॅड असेल, तर तो आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नका. गरम ऑइलमधली वाफ वर जाते, वरच्या गार भागावर पाणी होऊन बसते आणि वर कोण आहे तर तोच बिचारा कॅमशाफ्ट. त्याला गंज चढतो. आदल्या रात्री लावला की पुरे.

आणखी एक: प्रीहीट झाल्यावर वेळ काढू नका. वॉकअराउंड, फ्युएल ड्रेन (टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काढून पाणी आहे का ते पाहणं), पंखांवरचं दव-बर्फ साफ करणं, सगळं हीटर चालू असतानाच उरका. ड्रेन करताना निळं पेट्रोल येतच नसेल तर आत पाणी गोठलंय. ‘पाणी नाही’ असा त्याचा अर्थ काढू नका.

थ्रॉटल पंप करणं

गार हवेत पेट्रोलची वाफ कमी होते आणि पेटते ती वाफ. म्हणून जास्त प्राइम करावं लागतं, म्हणजे सुरू करण्याआधी जास्त पेट्रोल आत सोडावं लागतं, इथपर्यंत बरोबर. पण प्रायमर आणि थ्रॉटल यांत फरक आहे. प्रायमर पेट्रोल थेट सिलिंडरच्या इनटेक पोर्टजवळ फवारतो. थ्रॉटल मागेपुढे केला की कार्बोरेटरचा अॅक्सिलरेटर पंप पिचकारी मारतो, आणि या इंजिनांत कार्बोरेटर खालून वर ओढणारा असतो. प्रॉप फिरत नसेल तर ते पेट्रोल वर जाणार कशाने? ते खाली एअरबॉक्समध्ये ओघळतं, तिथून काउलिंगच्या तळाशी. मग एक बॅकफायर पुरे.

प्रायमरचा दांडा सावकाश ओढा, आत पेट्रोल भरायला वेळ द्या, आणि जोरात दाबा म्हणजे फवारा बारीक होईल. किती स्ट्रोक ते त्या विमानाच्या हँडबुकमध्ये पाहा. प्रीहीट केलं असेल तर कमी लागतात. प्राइम करून मग चेकलिस्ट वाचत बसू नका, लगेच क्रँक करा, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवा. काही जण शेवटचा स्ट्रोक ओढून तयार ठेवतात आणि इंजिन पकडून अडखळायला लागलं की तो आत देतात. हे चांगलं तंत्र आहे. मात्र नंतर प्रायमर पूर्ण आत ढकलून फिरवून लॉक करा. अर्धवट राहिला तर इंजिन त्यातून पेट्रोल ओढत राहतं आणि खडखडत चालतं.

आग लागलीच तर पहिली ऊर्मी स्टार्टर सोडून पळायची असते. पळू नका, क्रँक करत राहा. ज्वाळा आत ओढल्या जातात. इंजिन पकडलं तर थोडा वेळ चालवून बंद करा आणि तपासणी करून घ्या. पकडत नसेल तर मिक्श्चर कट-ऑफ (इंजिनात जाणारं पेट्रोल तोडा), थ्रॉटल पूर्ण उघडा, फ्युएल बंद, क्रँकिंग चालूच. तरी विझत नसेल तर मास्टर (विजेचा मुख्य स्विच) आणि मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद करून एक्स्टिंग्विशर घेऊन बाहेर. हा क्रम हँडबुकातून पाठ असू द्या. त्या वेळी पानं उलटायला कुणालाच सुचत नाही.

दोन ठोके आणि मग शांत

इंजिन दोन-तीनदा फुरफुरतं, विझतं आणि मग ढिम्म हलत नाही. लोक म्हणतात पेट्रोल कमी पडलं आणि आणखी प्राइम करतात. बहुतेक वेळा झालेलं असतं वेगळंच. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. ते दोन ठोके पडले तेवढ्यात वाफ झाली, ती गोठलेल्या स्पार्क प्लगवर बसली आणि तिचा बर्फ झाला. प्लग काढून पाहिलात तर इलेक्ट्रोडच्या फटीत पांढुरका थर दिसतो. ठिणगी पडायला जागाच नाही. आता कितीही क्रँक करा, बॅटरी तेवढी संपेल. पुन्हा प्रीहीट करणं हाच मार्ग, नाहीतर प्लग काढून आत नेऊन गरम करणं.

बॅटरीचंही तेच. उणे अठराला लेड-अॅसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि इंजिन मात्र दुप्पट हट्टी झालेलं असतं. उतरलेली बॅटरी रात्रभर विमानात ठेवलीत तर ती गोठून फुटूही शकते. स्टार्टरला दम घेऊ द्या: १७२-एसचं हँडबुक दहा सेकंद क्रँक, वीस सेकंद विश्रांती, असं तीनदा आणि मग दहा मिनिटं थांबा असं सांगतं.

हाताने प्रॉप फिरवून ऑइल सैल करायची जुनी पद्धत आहे. मॅग्नेटोची वायर तुटलेली असेल तर स्विच ‘ऑफ’ असूनही इंजिन पेटू शकतं, त्यामुळे प्रॉप नेहमी जिवंत आहे असंच समजा. पायाखाली बर्फ असेल तर नादीच लागू नका.

सुरू झाल्यानंतर

नजर ऑइल प्रेशरवर. एरवी ३० सेकंदांत काटा उठला पाहिजे, कडक थंडीत साधारण एका मिनिटात. नाही उठला तर बंद करा. ‘गेजच्या नळीतलं ऑइल घट्ट झालंय म्हणून काटा उशिरा हलतोय’ असं सांगणारे अनुभवी लोक भेटतील आणि कधीकधी ते खरंही असतं. पण आत बसून तुम्हाला ते ओळखता येत नाही. तेव्हा बंदच करा.

लवकर तापावं म्हणून आरपीएम वाढवणं ही अत्यंत आवडती चूक. १०००च्या आसपास ठेवा. ऑइल टेंपरेचरचा काटा टेकऑफपर्यंत जागचा हललाच नाही, असं कडक थंडीत होऊ शकतं. सेसनाचं हँडबुकही ते मान्य करतं. दोन ते पाच मिनिटांनी थ्रॉटल दोन-तीनदा हळूच पुढे करा. इंजिन न अडखळता वेग घेत असेल आणि प्रेशर स्थिर असेल तर ते तयार आहे.

थ्रॉटल फार उघडा ठेवून स्टार्ट केलं तर बर्फावर ब्रेक धरतील या भरवशावर राहू नका. चाकं लॉक झालेली असतात आणि विमान घसरत पुढे जात असतं.

प्रीफ्लाइटला वाकून ब्रीदर ट्यूबही बघा. क्रँककेसमधली वाफ तिथून बाहेर पडते आणि तोंडाशी गोठते. ती बंद झाली तर आतला दाब क्रँकशाफ्टचं पुढचं सील उडवतो आणि ऑइल काचेवर येतं. म्हणून बऱ्याच ट्यूबना काउलिंगच्या आत एक छोटं भोक ठेवलेलं असतं. ते बुजलेलं नाही ना, एवढं बोट लावून पाहा. आणि केबिन हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो, तेव्हा मोसमात पहिल्यांदा लावताना कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर सोबत असू द्या. डोकं दुखायला लागलं तर हीटर बंद, खिडकी उघडी, आणि उतरा.

परत आल्यावर इंजिन गरम असतानाच कव्हर घाला आणि प्लग जोडा. पुढच्या सॉर्टीला दोन तासांचा अवकाश असेल तर तेवढ्याने पुन्हा प्रीहीटची गरज बहुधा पडत नाही. उद्या सकाळची पहिली सॉर्टी तुमची असेल तर प्लग लावल्याचं डिस्पॅचला (उड्डाणांची व्यवस्था पाहणाऱ्यांना) सांगून ठेवा, कारण स्नोप्लाऊवाला वायर वाटेतून काढतो आणि परत लावायचं विसरतो.